चाललंय आपलं: सौम्य उदासी टिकवण्याचे प्राथमिक धडे

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेल्यांना यात काही नवीन वाटणार नाही. तसंही त्यांना कशातच काही नवीन वाटत नाही.

प्रवेशाची अट एकच: उदासी सौम्य हवी. अंथरुणातून उठवत नाही, जेवण तुटलंय, बोलणं बंद पडलंय असा मामला असेल तर ही पुस्तिका मिटून ठेवा. तसं झालं की घरचे घाबरतात, ऑटो बोलावतात आणि उपचार सुरू होतात. आपल्याला नेमकं तेच टाळायचंय. आपली उदासी अशी असावी की सकाळी अंघोळ होते, डबा भरला जातो, काचीगुड्याहून माधापूरचं ऑफिस वेळेवर गाठलं जातं आणि येताना कोथिंबीरही आठवणीनं आणली जाते. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी दिली जाते, आरतीला टाळ्या वाजवल्या जातात. फक्त यातल्या कशातही जीव नसतो.

पात्रता

वैद्यकशास्त्रात या प्रकाराला डिस्थायमिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 1980 साली आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला हे नाव देऊन मनःस्थितीच्या आजारांत बसवलं. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत त्याचं बारसं पुन्हा झालं, पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर. नाव बदललं तरी नियम कडकच राहिले. किमान दोन वर्षं, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उतरलेलं हवं. मुलांना आणि किशोरवयीनांना सवलत आहे: त्यांना एक वर्ष पुरतं, आणि उदासीऐवजी नुसती चिडचिड असली तरी चालते. या काळात मध्येच सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त बरं वाटलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय सहा लक्षणांपैकी दोन तरी अंगी असावीत. भूक कमी होणं किंवा उगाच खात सुटणं; झोप न येणं किंवा झोपच न संपणं; अंगात त्राण नसणं; आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत राहणं; लक्ष न लागणं आणि साधा शर्ट कोणता घालावा हेही न ठरणं; आणि पुढं काही चांगलं होईल याची आशा सुटणं. दोनच पुरेत. बहुतेक जण चार-पाच मिळवतात आणि तरी अर्ज करत नाहीत.

आता एक खबरदारी. 'सौम्य' हा शब्द एका दिवसापुरता आहे. एखाद्या मंगळवारी त्रास किती होतो, तेवढंच तो सांगतो. असे दहा वर्षांचे मंगळवार एकत्र केले तर काय होतं, याची बेरीज करायला बसू नका. ती बेरीज करणारी माणसं डॉक्टरकडे जातात, असा अनुभव आहे.

मुख्य युक्ती: त्याला स्वभाव म्हणा

बाकीचे धडे विसरलात तरी चालेल, हा पक्का करा. "माझा स्वभावच असा आहे" हे वाक्य ज्याला जमलं त्याच्या उदासीला पुढची तीस वर्षं धक्का लागत नाही. आजारावर उपचार असतात, स्वभावाला औषध नसतं हे आपल्याकडे म्हणीतच सांगून ठेवलंय. ज्यांना हे विसाव्या वर्षाच्या आतच सुरू झालं ते विशेष भाग्यवान: वेगळं कसं वाटतं याची आठवणच त्यांच्याकडे नसते, त्यामुळे तुलनेचा प्रश्न मिटतो. घरचेही साथ देतात. लहानपणी "वयाच्या मानानं समजूतदार", कॉलेजात "अभ्यासू", लग्नाच्या बायोडेट्यात "शांत, मितभाषी, निर्व्यसनी". सून म्हणून आली तर "आमची अगदी गरीब आहे हो, कधी वर तोंड करून बोलत नाही." बायकांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं, आणि त्यांच्या वाट्याला येणारी प्रमाणपत्रंही दुप्पट कौतुकाची असतात.

वीज गेली की आपण लाइनमनला फोन करतो. व्होल्टेज कमी असेल तर करत नाही. बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो आणि त्या उजेडाची डोळ्यांना सवय होते. शेजाऱ्याकडे गेल्यावर त्याचे दिवे फार झगझगीत वाटतात आणि आपण म्हणतो, एवढा उजेड कशाला लागतो यांना?

कारणांचा साठा

उदासीला कारण सापडलं की उपचारांची गरज उरत नाही, असा या शास्त्राचा नियम आहे. या बाबतीत हैदराबादचा मराठी माणूस श्रीमंत. जुन्या पिढीला कारण शोधायला घराबाहेर पडावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि आपण राहिलो इथं. "आजोबांनी तेव्हाच औरंगाबाद गाठायला हवं होतं" या एका वाक्यावर कुतबीगुड्यात आणि बडी चावडीवर काही जणांनी आयुष्यं काढली. ज्या गावात केशवराव कोरटकरांच्या पिढीनं 1907 साली विवेकवर्धिनी शाळा उभी केली, त्या गावात आता नातवंडं घरात इंग्रजी बोलतात. कारण म्हणून हे भक्कम आहे.

नांदेड, लातूर, परभणीहून आलेल्या नव्या पोरांची कारणं वेगळी: पीजीतलं जेवण, मॅनेजर, अप्रेझल, गच्चीबावलीचा ट्रॅफिक, आणि दिवाळीत देवगिरीचं तिकीट वेटिंगवरून न सरकणं. रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटून छताकडे बघत पडलं की ही सगळी कारणं हजेरी लावतात.

कारणं खरी आहेत, आणि म्हणूनच ती इतकी कामाची आहेत. तोच मॅनेजर आणि तीच पीजी असलेला शेजारच्या खाटेवरचा मुलगा रविवारी क्रिकेट खेळायला का जातो, हा प्रश्न मात्र मनात येऊ देऊ नका. त्याचं उत्तर शोधायला गेलं तर आनुवंशिकता, लहानपणचे घाव, जुनाट दुखणी, एकटेपणा आणि मेंदूची स्वतःची घडण अशा सगळ्यांचा हात निघतो, आणि एका कारणाचं सुख हातचं जातं.

"कसं काय?" या प्रश्नाला उत्तर

घरी "चाललंय". शेजारच्या तेलुगू काकूंना "बागुन्नानु". ऑटोवाल्याला "चलरा". ऑफिसात "ऑल गुड". चार भाषांत एकच थाप मारता येणं ही या शहराची देणगी आहे. समोरच्यानं फारच खोदून विचारलं तर "थोडी अॅसिडिटी आहे" म्हणा. अॅसिडिटीवर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. स्वतःची अॅसिडिटी सांगायला लागतो.

डॉक्टर निवडताना

इथं क्रम महत्त्वाचा. अंग जड वाटतं, डोकं धरतं, झोप पुरत नाही अशा तक्रारी घेऊन आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं. तो रक्त तपासायला सांगेल: हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड. याला नाक मुरडू नका. थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 घसरलं की माणूस हुबेहूब असाच होतो, आणि ते साध्या गोळ्यांनी सुधारतं. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञही आधी हेच तपासतो. खरं कौशल्य पुढं आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की "म्हणजे मला काही झालेलं नाही" असा निष्कर्ष काढून घरी यायचं. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "आता दुसरीकडे शोधा" असा असतो, हे डॉक्टर घाईत सांगत नाही आणि आपण विचारत नाही. सहा महिन्यांनी फुल बॉडी चेकअपची ऑफर आली की पुन्हा पहिल्यापासून.

एर्रागड्डा टाळण्याची पद्धत

हैदराबादेत कुणाला वेडा म्हणायचं असेल तर शिवी देत नाहीत, एर्रागड्ड्याला जा म्हणतात. सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ तिथं आहे. मेट्रोच्या लाल मार्गावर एर्रागड्डा नावाचं स्टेशनही आहे. टाळणाऱ्यांची अडचण अशी की ही जागा लपायला फार सोयीची आहे: एर्रागड्ड्याचा रयतू बाजार भाजीसाठी सगळ्या शहराला माहीत आहे. ओळखीचं कुणी दिसलं तर हातात पिशवी असली की झालं, "टमाटे स्वस्त मिळतात इथं". नवशिक्यांनी या सोयीकडे दुर्लक्ष करावं. नाहीतर एखाद्या दिवशी टमाटे आणि उपचार दोन्ही घेऊन घरी परतायची वेळ यायची.

याच एर्रागड्ड्यात छातीच्या विकारांचं सरकारी रुग्णालयही आहे, जुन्या लोकांसाठी टीबीचा दवाखाना. दोन दवाखान्यांचा हा शेजार योगायोगाचा असला तरी बोलका आहे. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू रुग्णालयात, क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहत होते. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होत होतं, पण महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली, जेवू लागली, वॉर्डात नाचल्याचे किस्से छापून आले. डॉक्टर चक्रावले. 1957 पर्यंत तेच औषध नैराश्यासाठी वापरात आलं. यकृताला अपाय होतो म्हणून ते पुढं मागं घेतलं गेलं. पण मन उतरण्यालाही शरीरात बैठक असते आणि तिच्यापर्यंत औषध पोहोचतं, हे त्या टीबीच्या रुग्णांनी दाखवून दिलं होतं. ज्यांना स्वभावाचा सिद्धांत टिकवायचाय त्यांनी ही गोष्ट वाचली नाही असं समजावं.

गोळी हातात आलीच तर

इतकी काळजी घेऊनही कुणीतरी तुम्हाला तज्ज्ञाकडे नेलं आणि गोळी लिहून मिळाली, तर घाबरू नका. हरण्याचे मार्ग अजून शिल्लक आहेत.

सगळ्यात हमखास म्हणजे आठव्या दिवशी गोळी बंद करणं. यामागं पक्कं शास्त्र आहे. मळमळ, डोकेदुखी, झोपेची उलथापालथ हे त्रास पहिल्या आठवड्यात येतात आणि बहुधा ओसरतात; फायदा मात्र दोन ते चार, कधी सहा आठवड्यांनी दिसू लागतो. आठव्या दिवशी थांबलं की त्रास सगळा पदरात पडतो आणि फायदा शून्य. वर "औषधंही करून पाहिली, गुण नाही आला" हे वाक्य जन्मभरासाठी मिळतं.

दुसरा मार्ग: बरं वाटलं की डॉक्टरला न विचारता एका रात्रीत बंद करा. मग चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, आणि तुम्ही जाहीर करता की या गोळ्यांची सवय लागते. या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. त्या हळूहळू उतरवत थांबवायच्या असतात, आणि जुनाट उदासीत त्या बरं वाटल्यावरही बरेच महिने, कधी वर्षं चालू ठेवतात. पण ते डॉक्टरला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला आपण जाणार नाही. उलट शेजारच्या मावशींकडची झोपेची गोळी, पटकन गुंगी आणणारी, ती मात्र आपण बिनघोर मागून घेतो. जिची खरंच सवय लागते ती गोळी हीच.

पाकीट लपवायला उस्मानिया बिस्किटांचा डबा उत्तम. हे बिस्कीट मुळात उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी बनलं असं इथं सांगतात, तेव्हा औषधाची आणि त्याची ओळख जुनी आहे.

लपवण्यातली गंमत अशी की हे शहर औषधांचं आहे. के. अंजी रेड्डींनी 1984 साली इथं सुरू केलेल्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजनं ऑगस्ट 2001 मध्ये फ्लुऑक्सेटिनच्या 40 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल अमेरिकेत उतरवल्या. फ्लुऑक्सेटिन म्हणजे प्रोझॅकमधलं मूळ औषध, उदासीवरचंच. त्या ताकदीची जेनेरिक कॅप्सूल 180 दिवस एकट्यानं विकण्याचा हक्क कंपनीनं मिळवला होता, आणि भारतीय कंपन्यांत तो पहिलाच. ज्या गावानं उदासीचं औषध अमेरिकेला विकलं त्या गावात आपण ते बिस्किटांखाली ठेवतो. परंपरा आहे, चालू ठेवा.

मूड आला की करू

हा नियम मोडू नका, कारण तो मोडणाऱ्यांवर गोव्यात काम झालं आहे. 'संगत' या संस्थेनं तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. त्यांनी रुग्णाशी सहा ते आठ बैठका केल्या. सूत्र सोपं: मन लागेपर्यंत थांबू नका, आधी छोटंसं काम करा, मन मागाहून येतं. बंद पडलेलं काय होतं, भजन, शेजारणीकडे बसणं, पोराला शाळेत सोडणं, त्यातलं एक ठरवून या आठवड्यात करा, पुढच्या बैठकीत सांगा. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपैकी 39 टक्के. ही माणसं आपल्यापेक्षा जास्त आजारी होती, हे आणखी वाईट.

तेव्हा सावध राहा. रविवारी सकाळी पब्लिक गार्डनला एक फेरी मारून यावी असं मनात आलं तर ताबडतोब स्वतःला विचारा, "पण इच्छा आहे का?" इच्छा नसतेच. प्रश्न मिटला. मराठी ग्रंथसंग्रहालयातलं पुस्तक बदलायचं राहिलंय? उत्साह आल्यावर जाऊ. जुन्या मित्राचा फोन? आता काय बोलायचं. असं करत करत जग फोनच्या पडद्याएवढं झालं की समजा, तुम्ही नवशिके राहिला नाहीत.

घरच्यांसाठी सूचना

"तुला काय कमी आहे?" दिवसातून एकदा. अमेरिकेतल्या चुलतभावाचा उल्लेख आठवड्यातून एकदा. सकारात्मक विचारांचे व्हिडिओ रोज, सकाळी सहाच्या आत. आणि हैदराबादचा रामबाण: "लाइट लो यार, टेन्शन नक्को."

धार्मिक घरांत गीता हातात देतात. देऊ द्या, पण पहिला अध्याय नीट वाचू नका. त्याचं नावच अर्जुनविषादयोग. एवढा मोठा योद्धा, आपलं काय काय होतंय ते एकेक करून सारथ्याला सांगतो. लपवत नाही, अॅसिडिटी म्हणत नाही. आणि सारथीही त्याला "लाइट लो" म्हणून घोडे हाकत नाही. दोन्ही सेनांच्या मधोमध रथ उभा ठेवून ऐकून घेतो.

इथं पुस्तिका बाजूला ठेवा

एक भाग थट्टेत लिहिता येत नाही. सौम्य उदासी असलेल्या माणसावर मोठ्या नैराश्याचा झटका वरून येऊ शकतो. डॉक्टर त्याला दुहेरी नैराश्य म्हणतात. तो ओसरला की माणूस पुन्हा जुन्या पातळीवर येतो आणि सगळे म्हणतात, झाला बरा. तो बरा झालेला नसतो, फक्त पूर्वीइतका आजारी असतो. "मी नसतो तर सगळ्यांना सोपं झालं असतं" असा विचार घोळू लागला, तर त्या दिवशी स्वभाव, 1956 आणि मॅनेजर सगळं सोडून 14416 हा नंबर फिरवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येतं आणि तेलुगूतही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून असं वाक्य ऐकलं तर त्याला उपदेश करू नका, एकटं सोडू नका, सरळ विचारा की जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही.

प्रगतीची नोंद

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक उपचारांविना आढळले. म्हणजे ही मार्गदर्शिका छापण्याआधीच देशात तिचं पालन चालू होतं. सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. त्यांत तेलंगण नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. हैदराबादचा मराठी माणूस दोन्हीकडून सुटला.

हे सगळं वाचून कुणाला अभ्यासक्रम अर्ध्यात सोडावासा वाटला तर फी परत मिळणार नाही, पण सोडण्याची रीत सांगून ठेवतो. जुनाट उदासीवर गोळी आणि बोलून केलेले उपचार, दोन्ही चालतात. 2000 साली अमेरिकेत दीर्घकाळ नैराश्य असलेल्या 681 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एकेकट्या उपचारानं 48 टक्के लोकांना गुण आला, दोन्ही मिळून 73 टक्क्यांना. वर्षानुवर्षं मुरलेली उदासीसुद्धा हलते, एवढं त्यातून कळतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर तो पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, "हे कधीपासून?" आपण सवयीनं म्हणतो, "गेले काही दिवस जरा." असं म्हणू नका. मनापासून, काही कारण नसताना छान वाटलं होतं ते शेवटचं वर्ष कोणतं हे घरून आठवून जा, आणि उत्तर वर्षांत द्या.